मधली तीन बोटं

३ नोव्हेंबर

धाकट्या,

शहरातल्या एवढ्या मोठ्या इस्पितळात तू हातांच्या शस्त्रक्रियांचा प्रमुख झालास, हे वाचून आनंद झाला. वस्तीत मात्र कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "पाचबोट्याला हातातलं काय कळतं?"

इतकी वर्षं तिकडे राहून आपल्या वस्तीचं शास्त्र विसरला असशील, तर पुन्हा शिकवते. शेवटी मास्तरीण आहे. जगात माणसाला पाच बोटं असतात. खिंडीच्या आत, आपल्याकडे, पाच बोटं असणं हे व्यंग. ज्याच्या उजव्या हाताला एक अंगठा, एक करंगळी आणि मध्ये खोल खाच, तो दुबोट्या, तोच खरा माणूस; डावा कसाही असो. आपल्या मूळपुरुषाचा हात तसा होता. त्या खाचेतून दोर ओढून तो म्हणे डोळे मिटून सांगायचा, कुठला पेड कच्चा आहे. लग्नं आतल्या आत, म्हणून तो हात अजून अधूनमधून जन्माला येतो. एवढ्या भांडवलावर आपण ठरवून टाकलं की दोर पारखायचा आणि पारखीच्या गादीवर बसायचं दुबोट्याने, सभेत मत द्यायचं दुबोट्याने, आणि दोरासाठी हौदात कुजत घातलेला वाख तुडवायचा पाचबोट्याने. मला दोन बोटं, म्हणून मी शाळेत बाई. तुला पाच, म्हणून तू चौदाव्या वर्षी दोरांच्या गाडीत लपून पळालास. दोघं एकाच आईच्या पोटची. यात माझं कर्तृत्व एवढंच की येताना मी तीन बोटं कमी आणली.

आता कामाचं. आपल्या पारखींची नात माझ्या शाळेत आहे. नऊ वर्षांची. जीभ अशी की सगळे तिला टाचणी म्हणतात. मुलगा गेल्यावर पारखींच्या गादीला आता हीच वारस. वारसाच्या उजव्या हाताला गादीवर बसेपर्यंत चामड्याची पिशवी बांधायची, हात कुणाला दाखवायचा नाही, ही त्या घराची रीत तुला माहीत आहे. पवित्र हात ना तो! तर दार लावून घेतलं की मी ती पिशवी सोडते आणि पोरगी उजव्या हाताने लिहिते. पाच बोटांनी. मोत्यासारखं अक्षर.

परवा ती म्हणाली, "बाई, मी शहरात जाणारे. आजोबा म्हणतात, तिथले डॉक्टर माझा हात हलका करणारेत."

"हलका म्हणजे?"

"मधली तीन जाणार. अंगठा आणि करंगळी राहणार. ते डॉक्टर तुमचे भाऊ आहेत म्हणे."

मी पोरीला खोटारडी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी विद्यार्थिनी खोटं बोलली असावी, अशी माझी इच्छा आहे. नाही ना रे हे खरं?

तुझी ताई

१४ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

तुझं पत्र नेहमीसारखंच आलं. पाकीट उघडण्याआधीच ऊब लागते.

ती मुलगी अजून माझ्याकडे आलेली नाही. आली तरी एका रुग्णाबद्दल दुसऱ्याशी बोलायची आम्हाला मुभा नसते, बहिणीशीही नाही. एवढं सांगतो, पारखींचं पत्र आलं होतं आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही.

माझ्या खोलीत रोज काय चालतं, सांगू? परवा एक बाई तान्हं मूल घेऊन आली. मूल आपल्याकडच्यासारखंच, दुबोटी. बाई रडून अर्धी झालेली. "काहीही करा, पण पाच करा." मी तिला म्हटलं, माझी ताई दोन बोटांनी लिहिते, शिवते, सुरीने बटाटा सोलते आणि वेळ पडली तर कानाखाली वाजवतेही. तिला खरं वाटलं नाही. मी तुझं पाकीट दाखवलं. अक्षर बघून तिने ते पाकीट मुलाच्या हाताशी धरून पाहिलं.

पण एक सांगतो, रागावू नकोस. तुला दुबोट्यांचा राग येतो, कारण तुला तो राग परवडतो. तुझ्याकडे मत आहे, शाळा आहे. पाचबोट्याचं बालपण तुला माहीत नाही. मी दाराबाहेर बसून जेवलोय. तू आत बसायचीस आणि माझ्यासाठी सगळ्यांशी भांडायचीस, पण आतूनच भांडायचीस. त्या मुलीची गादी गेली तर ती कुठे जाईल? हौदावर. कधी कधी मला वाटतं, तीन बोटं की अख्खं आयुष्य, असा हिशेब कुणी मांडला तर तो मांडणारा अगदीच राक्षस नसतो.

जपून राहा. थंडी वाढली असेल.

धाकटा

१ डिसेंबर

धाकट्या,

बोटचेपेपणा हा शब्द मराठीत आहे हे माहीत होतं. तो करायला बोटं जास्त असावी लागतात, हे तुझ्या पत्रावरून कळलं.

दाराबाहेरच्या ताटाचं लिहिलंस ते लागलं. खरं आहे, मी आतून भांडले. पण भांडले! बावीस वर्षांपूर्वी आई हौदात उभी राहून राहून पोटऱ्यांना भेगा पडून रक्ताळली, तेव्हा मी सभेत उठले. पाऊण तास बोलले. दुसऱ्याच महिन्यात पारखींनी आईला हौदातून काढून उन्हातल्या बाकावर वाख विंचरायला बसवलं. वस्तीच्या इतिहासात पहिली पाचबोटी बाई बाकावर बसली, ती माझ्या जिभेमुळे. तेव्हाही तू लिहिलं होतंस, "ताई, जपून." तुझ्या सगळ्या पत्रांचा सारांश काढला तर दोन शब्द उरतात, आणि दुसरा 'जपून' असतो.

म्हणे तीन बोटं की अख्खं आयुष्य! अरे, हौद चुकीचा आहे तर हौद बुजवा. पोरीचा हात का कापता? पायात जोडा बसत नाही म्हणून पाय तासणारे तुम्ही, आणि वर विचारता, राक्षस कोण?

कालची सभा ऐक. दोर पास करायचा दिवस होता. पारखी आपल्या उंच पाटावर डोळे मिटून बसलेले, उजव्या हाताच्या खाचेतून दोर सरकतोय, आणि आम्ही सगळे दुबोटे रांगेत माना हलवतोय. म्हसोबाला नसतील एवढ्या श्रद्धेने. मी उभी राहून विचारलं, "पारखी, टाचणीला शहरात कशाला पाठवताय?"

"छातीचा त्रास आहे तिला, बाई."

"काल तर ती माझ्या शाळेच्या छपरावर चढली होती."

"म्हणजे बघा, बाईंना पोरं सांभाळता येत नाहीत!" कोठीवाला म्हणाला, आणि सगळे हसले. वळलेले दोर कोठीत मोजून ठेवायचे एवढंच त्याचं काम, पण पारखींच्या वतीने हसायचं कामही त्याने आपणहून घेतलंय.

मी पुढे बोलणार तेवढ्यात पारखींनी दोर सोडला, हात झटकला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "या थंडीत मधली बोटं फार ठणकतात."

मग कोठीवाला म्हणाला, "मधली कुठून आणलीत, पारखी?" आणि सभा खोखो हसत सुटली. पारखीही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या हशात माझा प्रश्न वाहून गेला.

तू हातांचा डॉक्टर, म्हणून विचारते. जे कधी नव्हतंच, ते ठणकतं का? मला तर जन्मापासून नाहीत, पण कधी दुखलीही नाहीत. म्हातारचळ, दुसरं काय! असल्या माणसाच्या हाती आमचे दोर.

पारखींना उत्तर दे. 'नाही' असं. दोन अक्षरं आहेत, हात दुखणार नाही.

ताई

२० डिसेंबर

ताई,

घाईत लिहितोय. रोज सहा-सात शस्त्रक्रिया आहेत. सोबत लोकरी मोजे पाठवलेत, आणि तू मागितलेली दोन पुस्तकं. तिसरं छापखान्यातच संपलंय.

त्या मुलीला फेब्रुवारीच्या शेवटी आणणार आहेत, असं कळलं. ती आली की मी नीट तपासेन. त्याआधी या विषयावर पत्रात काही लिहू नकोस. पत्रं दहा हातांतून जातात. सभेतही नको. म्हातारी माणसं काहीबाही बोलतात, ते मनावर घेऊ नये.

शाळेच्या छपराची डागडुजी झाली का? गुडघ्याचं औषध संपत आलं असेल तर कळव.

धाकटा

२ जानेवारी

धाकट्या,

मोजे पोचले. पुस्तकं पोचली. छपराची डागडुजी झाली. गुडघ्याचं औषध आहे. बघ, मी तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. तू माझ्या एकाच प्रश्नाचं दिलं नाहीस.

शाळेत तीस वर्षं काढली मी. जे पोर गणित सोडून मला माझ्या गुडघ्याबद्दल विचारतं, त्याने गणित दुसऱ्याचं उतरवलेलं असतं.

म्हणून मग मीच हिंडले. वस्तीतल्या जन्मतः दुबोट्या असलेल्या सात म्हाताऱ्यांना एकेक करून विचारलं, "थंडीत तुमची मधली बोटं ठणकतात का?" एकाला वाटलं, मी थट्टा करतेय. दुसऱ्याने विचारलं, "मधली म्हणजे कुठली?" आणि कोठीवाल्याची आई म्हणाली, "बाई, तुमचं डोकं ठणकतंय का ते बघा आधी." सातांतल्या एकालाही ठाऊक नाही हे दुखणं. ठाऊक असणार कसं? ज्या घरात कधी दिवाच नव्हता, तिथे दिवा विझल्याचं दुःख कोण करील?

मग माझ्याकडचं एक जुनं पुस्तक आठवलं, लढायांच्या इस्पितळावरचं. त्यात एक शिपाई आहे. त्याचा पाय गुडघ्यापासून कापलाय आणि तो परिचारिकेला रोज म्हणतो, "बाई, जरा पाऊल खाजवा." कापलेला अवयव दुखतो. नसलेला दुखत नाही.

पारखींचा हात आम्ही पाहिला तो ते गादीवर बसले त्या दिवशी, पिशवी सुटली तेव्हा. वय अडतीस. त्याआधी तीन महिने ते दोरांचा मोठा करार करायला म्हणून बाहेर गेले होते. करार कसला झाला ते मला आज कळलं. त्यांचा मुलगा तर पिशवीसकटच मातीत गेला, आणि नात पाचबोटी. घराण्यात पीळ आहे तो पाच बोटांचा, सुंभ कितीही जाळा.

बावीस वर्षांपूर्वी शहरात हातांचे डॉक्टर किती होते, धाकट्या? आणि त्यांतले आपल्या वस्तीचे किती?

मला तूच सांग. दुसऱ्या कुणाकडून ऐकायला लावू नकोस.

ताई

१९ जानेवारी

ताई,

एक होता. मी.

मला डॉक्टर होऊन दोन वर्षं झाली होती. पारखी आले, दार लावून घेतलं, आणि चामड्याची पिशवी सोडली. आत पाच बोटं. माझ्यासारखीच. मी हसलो, ताई. इतका हसलो की खुर्ची मागे सरकली. लहानपणी ज्या घराण्यासमोर आपण वाकून चालायचो, ते दाराबाहेर जेवणाऱ्यांतलंच निघालं!

ते हसले नाहीत. म्हणाले, "मधली तीन काढ. गादी गेली तर कोठीवाल्याचं घराणं बसेल, आणि ते पाचबोट्यांना हौदात बुडवून मारतील." मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "तुझी आई कशी आहे?"

तू आईच्या पोटऱ्यांचं मला लिहिलं होतंस. तेच पत्र माझ्या टेबलावर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शस्त्रक्रिया केली. कागदावर लिहिलं, 'दोर वळायच्या यंत्रात हात सापडला.' धडधाकट, रक्त खेळणारी तीन बोटं. ते परतून गादीवर बसले आणि आई बाकावर बसली.

ताई, तुझ्या भाषणाने बसली नाही. तुझं भाषण त्यांना हवंच होतं, लोकांना कारण दाखवायला. "मास्तरीणबाईंच्या शब्दाला मान दिला," असं ते सभेत म्हणाले. त्या शब्दांवर तू बावीस वर्षं ताठ मानेने चाललीस. म्हणून मी बोललो नाही. मला परवाना जायची भीती होती हे खरं, पण तेवढीच नव्हती.

आता ते लिहितात, नातीचंही कर, नाहीतर माझं तू काय केलंस ते तुझ्या इस्पितळाला कळवतो. आणि तू नाही केलंस तर दुसरा कुणीतरी करील. दुसरा सापडेलही, शहरात सगळं सापडतं.

मी काय करू? भाषण न देता सांग.

धाकटा

४ फेब्रुवारी

धाकट्या,

दहा दिवस मी कुणाशी बोलले नाही. वस्तीला वाटलं, बाईंचा घसा बसला. दोन-तीन घरांत आनंदही झाला म्हणे.

शाळेत भिंतीवर मी त्या भाषणाची तारीख लिहून ठेवली होती. पोरांना शिकवायचे, 'शब्दाने डोंगर हलतो.' काल ती ओलं फडकं घेऊन पुसली. डोंगर तीन बोटांनी हलला, ती बोटं तुझ्या सुरीखाली होती, आणि मी बावीस वर्षं डोंगराच्या माथ्यावर उभी राहून टाळ्या घेत होते! आयुष्यभर पारखींच्या पाटाला हसले मी. माझा पाट त्यांनीच ठोकून दिला होता, आणि तो जास्त उंच होता.

पुरे. स्वतःची कीव करणं हा भाषणाचाच प्रकार आहे, फक्त श्रोता एकच असतो.

तू चुकलास. आईसाठी चुकलास, तरी चुकलास. त्या पत्राच्या उत्तरात तू मला चार ओळी लिहिल्या असत्यास तर आपण दोघांनी मिळून आईला दोरांच्या गाडीत घालून शहरात नेलं असतं. तुला सुचलं नाही, कारण तुला वाटत होतं ताई फक्त बोलते. आणि मला सुचलं नाही, कारण ताई फक्त बोलत होती.

आता सांगते काय करायचं. नकार कळवून मुलीला इथे अडवू नकोस. इथे ती पारखींच्या हातात आहे. येऊ दे तुझ्याकडे. सोबत तिची आई असेल, पारखींची सून. ती सभेत येत नाही, तिच्याही हाताला पाच बोटं. बारा वर्षांत मी तिचे बारा शब्द ऐकले नसतील. तिला सगळं खरं सांग. डॉक्टरी भाषेत नको आणि माझ्या भाषेतही नको. तुझं नाव घेऊन सांग. मग ती म्हणेल तसं.

परवान्याचं तू बघ. ते मी सांगायचं नाही.

ताई

२ मार्च

ताई,

त्या दोघी मंगळवारी आल्या. सूनबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. मुलीने आल्याआल्या खोलीतली सगळी यंत्रं मोजली आणि मला विचारलं, "तुम्ही बाईंचे भाऊ ना? मग इतकं हळू का बोलता?"

सूनबाई म्हणाल्या, "किती वेळ लागतो, डॉक्टर?"

"तीन तास."

"दुखेल?"

"तेव्हा नाही."

"मग केव्हा?"

मी सांगितलं. तू म्हणालीस तसं, माझं नाव घेऊन. बावीस वर्षांपूर्वी याच इस्पितळात, याच हातांनी, तुमच्या सासऱ्यांची. मला वाटलं, त्या रडतील, ओरडतील, मला मारतील. त्या पिशवीच्या नाडीला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

"म्हणजे ती होती?" त्यांनी विचारलं.

"होती."

"थंडी पडली की मामंजी मला हाक मारतात. म्हणतात, सूनबाई, मध्ये जरा शेक दे. मी वीट तापवते, फडक्यात गुंडाळते, आणि अंगठा न् करंगळीच्या मध्ये धरते. तिथे काही नाही, डॉक्टर. मी हवा शेकते. आणि त्यांना बरं वाटतं." नाडीची गाठ सोडत त्या म्हणाल्या, "बारा वर्षं हवा शेकली मी. मोठ्या घरात दिलंय म्हणून माहेरी सांगत होते."

आणि हसायला लागल्या. बराच वेळ. ते हसू मला ओळखीचं वाटलं. मीही एकदा असाच हसलो होतो, फक्त नंतर सुरी उचलली होती.

त्यांनी मुलीच्या हाताची पिशवी सोडली, माझ्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "चल गं, हात धू. जेवायचंय." मग माझ्याकडे वळून, "आम्ही परत जाणार नाही. मला वाख विंचरता येतो, दोर वळता येतो, शिवता येतं. इथे यातलं काही लागतं का कुणाला?"

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी शिवायला बायका लागतात. सोमवारपासून त्या कामावर आहेत. मुलगी शाळेत जाते. तिच्या बाईंनी निरोप पाठवलाय की ती फार प्रश्न विचारते. तुझा गुण.

सोबत एक कागद आहे. त्यावर मी काय केलं, कुणाचं केलं, कागदपत्रात काय खोटं लिहिलं, ते आहे. खाली सही. एक प्रत उद्या सकाळी इस्पितळाच्या प्रमुखांना देतोय. पारखींनी कळवण्याआधी मीच कळवलेलं बरं. दुसरी प्रत तुझ्याकडे. सभेत वाच. पण एक विनंती आहे. जेवढं लिहिलंय तेवढंच वाच.

धाकटा

२० मार्च

धाकट्या,

वाचलं. एक शब्द जोडला नाही. तुला काय माहीत त्यासाठी मला काय करावं लागलं! जीभ दातांखाली धरून बसले होते, अजून दुखतेय. ही मात्र खरोखर आहे, म्हणून दुखते.

सभा दुबोट्यांची, पण मी दारं उघडी ठेवायला लावली. बाहेर हौदावरची सगळी माणसं उभी होती. वाचून होईपर्यंत पारखी पाटावर डोळे मिटून बसले होते, जणू दोरच पारखताहेत. मग कोठीवाला उठला. मला वाटलं, आता गादी मागणार.

"म्हणजे," तो हळूहळू म्हणाला, "बावीस वर्षं दोर पास केले ते पाचबोट्याने?"

"हो," मी म्हटलं.

"खाणीत गेले, जहाजांवर गेले, ते सगळे?"

"सगळे."

"आणि त्यांतला एकही तुटला नाही?"

"कोठी तुझ्याकडे आहे. तूच सांग."

तो खाली बसला. दाराबाहेर एक हौदावरची म्हातारी मोठ्याने हसली. बाकी कुणी हसलं नाही. दीडशे वर्षांचा आमचा मान, आमचं मत, आमची रांग, सगळं एका साध्या प्रश्नात चिंधी झालं होतं, आणि प्रश्न विचारणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी कळलं.

पुढे काय झालं म्हणशील. आपल्या लोकांची बुद्धी तुला ठाऊक आहे. पारखींच्या बाबतीत 'शांतपणे विचार करायला' पाच जणांची समिती नेमली. तिला मुदत नाही. शाळा माझ्याकडून काढून घ्यायचा ठराव मात्र बसल्या बैठकीत मंजूर झाला. तिथे विचार लागला नाही. मी पडवीत वर्ग भरवते. पहिल्या दिवशी चार पोरं आली, काल अकरा. सातांच्या आया हौदावर काम करतात.

हे सगळं मला अपेक्षित होतं. पुढचं नव्हतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी वखारवाला आला. इकडचं तिकडचं बोलला, पाणी प्यायला, आणि दारातून परत फिरून म्हणाला, "बाई, कुणाला सांगू नका. माझा धाकटा पाच वर्षांचा आहे. लहानपणीच केलं तर लवकर भरून येतं का?" मला आधी कळेचना तो कशाबद्दल बोलतोय. संध्याकाळी गाडीवान आला. "पारखींचं कुणाला कळलं नाही बावीस वर्षं, म्हणजे काम चांगलं करतात तुमचे भाऊ." आणि आज सकाळी कोठीवाला स्वतः. त्याचे दोन्ही नातू पाचबोटी निघाले, हे मला आजच कळलं. तिघांनाही एकच हवं होतं. तुझा पत्ता.

धाकट्या, मी तो कागद वाचला तो भोंदूपणा उघडा पाडायला. यांनी तो जाहिरातीसारखा ऐकला! दुबोट्या जन्मावा लागत नाही, करून घेता येतो, एवढंच त्यांना त्यातून समजलं. मी त्यांना काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, कागद फाटेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "पत्ता तेवढा द्या, बाई."

मी दिला. तुझ्या घराचा, तिघांनाही, ठळक अक्षरात, गल्लीच्या नावासकट. नाही दिला तर ते दुसऱ्या कुणाकडे जातील, ज्याला हौद माहीत नाही, आई माहीत नाही, शेकलेली हवा माहीत नाही. आणखीही येतील. त्यांनाही देणार आहे. त्यांच्या पोरांना समोर बसव, सूनबाईंना धुलाईघरातून बोलावून घे, आणि एकेकाला तोंडावर सांग.

इस्पितळाने काढलं आणि परवानाही गेला असं तू कळवलंस. गेला तर गेला. 'नाही' म्हणायला परवाना लागत नाही.

ताई